डावा कौल

टेपवाडी, ता. पोलादपूर
१२ नोव्हेंबर २०२४

ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. सासूबाई ठणठणीत आहेत, कोणी गेलेलं नाही. तुझ्या मनात पहिलं तेच आलं असणार, म्हणून आधी तेच लिहिलं.

तू म्हणशील, तीन वर्षं तोंड फिरवून बसली आणि आता हिला कागद कुठून सुचला? तर आपल्या दोघींच्या नवऱ्यांनी ठरवलं की दोन्ही घरांनी बोलायचं नाही. लिहायचं नाही हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, कारण शाळा सुटल्यापासून दोघांनीही पत्र म्हणून काही लिहिलेलं नाही. म्हणून लिहिते. उत्तर घरी पाठवू नकोस, अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठव. मी अजून तिथेच मदतनीस आहे, पोस्टमन माझ्याच हातात देतो.

काम एवढंच. मी चौथीत असताना मला ताप आला होता आणि सांधे सुजले होते, तुला आठवतं का? मला फक्त आईनं निर्गुडीचा पाला शेकून बांधलेला आठवतो, आणि तू मला पाठुंगळी घेऊन मागल्या दारी न्यायचीस ते. कुठला सांधा आधी सुजला, इंजेक्शनं का थांबली, यातलं काही आठवत नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. महाडच्या डॉक्टरांना हवंय.

डॉक्टर कशाला म्हणशील. पोलादपूरला आम्हा अंगणवाडीच्या बायकांची दरवर्षी तपासणी असते. एक मुलगी भराभर विचारत जाते, त्यात एक प्रश्न असतो, "जिना चढताना दम लागतो का?" मी दरवर्षी सांगते, नाही. यात खोटं काय आहे? आमच्या वाडीत जिनाच नाही. शाळा बैठी, देऊळ बैठं, घरं बैठी. शेवटचा जिना मी डोंबिवलीत तुझ्या घराचा चढले, तेव्हा तुझा स्वराज रांगत होता. त्यामुळे दरवर्षी माझी तब्येत उत्तम.

यंदा मात्र एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी छातीला नळी लावली आणि काढीचनात. मग म्हणाल्या, "तुमची वाडी कुठं?" मी म्हटलं, "रस्ता खाली राहतो, आम्ही वर." "मग वर जाताना मधे बसता का?" म्हटलं, "बसतात सगळेच." "पाच वर्षांपूर्वी बसायचात?" मी आठवून बघितलं. मग कळलं, हल्ली मी तपासणीशिवाय खाली उतरतच नाही. बाजार हे करतात. (हे म्हणजे तुझा धाकटा दीर श्रीपत. नाव लिहिलं, आता हस.)

त्यांनी महाडच्या डॉक्टरांकडे धाडलं. काळजीचं काही नाही, गोळ्या दिल्यात. तापाचं तेवढं आठवून लिही.

नीला

टेपवाडी
६ डिसेंबर २०२४

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, वर मायना नाही, खाली नाव नाही. जणू तपास करणाऱ्या पोलिसाला जबानी दिलीस. तरी मी ते पत्र पोलक्यात ठेवून दोन दिवस हिंडले.

तू लिहिलंस ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. आधी उजवा गुडघा, मग घोटा, मग दोन्ही मनगटं. इंजेक्शन दर महिन्याला माहेरी, नाते गावच्या दवाखान्यात, मी ते दुखतं म्हणून भाताच्या उडव्यामागे लपायची, आणि पावसाळ्यात ओढा भरला की आपोआपच राहायचं. पुढं मी खेळायला लागले, तेव्हा सगळ्यांना वाटलं बरी झाली. डॉक्टर म्हणाले, "बस. हाच तो ताप."

शेवटी तू लिहिलं आहेस, नक्की काय ते सांग. सांगते.

हृदयातून रक्त अंगभर जातं त्या दाराला झडप असते. त्या तापानं माझी झडप हळूहळू चिकटत गेली. आता दार जेमतेम फटीएवढं उघडतं. मी विचारलं, मग इतकी वर्षं मी भात लावला, पाणी भरलं, लाकडं आणली ती कशी? डॉक्टर म्हणाले, हृदय जोर लावत राहिलं. जोर लावून लावून त्याची भिंत जाड झाली, पैलवानाच्या दंडासारखी. म्हटलं, मग चांगलंच की! म्हणाले, "चांगलंच होतं, म्हणून तर तुम्हाला कळलं नाही. पण जाड भिंतीला स्वतःलाच रक्त जास्त लागतं, आणि ती ताठ होते, मग आत रक्त नीट भरत नाही. सांभाळून घेण्याची हद्द असते. ती आली की हृदय हळूहळू नाही, झपाट्यानं थकतं."

डॉक्टरांकडे माझ्या आधी आपल्या नाते गावचेच एक गुरुजी होते. त्यांची झडप नीट, पण हृदयाची रक्तवाहिनी बंद. त्यांच्या हृदयानं म्हणे आजूबाजूच्या बारक्या वाहिन्या मोठ्या करून रक्ताला वाट दिलेली. आंबेनळी घाट बंद झाला की गाड्या वरंध्यातून जातात ना, तसं. बसल्या जागी भागतं, पण चढ आला की पुरत नाही. गुरुजींना हे ऐकून फार अभिमान वाटला. बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "बघितलंस? माझ्या हृदयानं स्वतः रस्ता काढला." त्या बिचारीच्या डोळ्यांत पाणी आणि हे मिशीवर हात फिरवतायत.

मला मात्र माझ्या हृदयाचा राग आला. अगं, एकदा तरी ओरडायचंस. जन्मभर गप्प राहून काम ओढलंस आणि सगळ्यांना वाटलं, हिचं बरं चाललंय. मला मूल राहिलं नाही त्यावर डॉक्टर म्हणाले, एका अर्थी बरं झालं, बाळंतपण या हृदयाला झेपलं नसतं. मी त्यासाठी किती उपास केले ते तुला माहीत आहे. त्या दिवशी महाडच्या स्टँडवर बसून मी खूप रडले.

घरी येऊन मी आठवत बसले. हंडा कधी सुटला? कळशी कधी आली? आता कळशीही नाही, तेलाच्या रिकाम्या कॅनमधून पाणी आणते. लावणीला मी वाकत नाही, बांधावर बसून रोपांच्या मुठी देते. सोमजाईच्या देवळात वर जात नाही, खालूनच हात जोडते. यातलं एकही मला कोणी सांगितलं नव्हतं. एकेक काम हातातून गेलं आणि मी म्हणत राहिले, वय झालं. शेहेचाळीस म्हणजे काय वय झालं का गं?

मागच्या पत्रात एक लिहिलं नव्हतं. दिवाळीच्या आधी खळ्यात नाचणी झोडताना मी पडले. डोळ्यांपुढे अंधार, उठले तेव्हा तोंडात कोंडा. सासूबाई तेवढ्या होत्या. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. मी म्हटलं, कोणाला बोलू नका, आणि त्या बोलल्या नाहीत. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, चक्कर यायला लागली म्हणजे आता थांबायचं नाही. छाती उघडून झडप बदलायची. मुंबईला मोठ्या दवाखान्यात, उन्हाळ्याच्या आत. आधी तपासण्यांच्या खेपा, नंतर दोनेक महिने जवळपास कोणाच्या तरी घरी राहायचं.

कोणाच्या घरी, ते तुला कळलंच असेल. आणि तिथंच गाडी अडते.

तुला ठाऊक आहे तरी लिहिते, लिहिताना राग निघतो. तीन शिमग्यांपूर्वी सासूबाई अंगणात घसरल्या, तर किशोरदाजींनी सगळ्या गावकीसमोर म्हटलं, "श्रीपतला आई सांभाळता येत नाय." हे उठले, तसेच देवळात गेले आणि सोमजाईपुढं नारळ ठेवून आण घेतली, "आजपासनं माज्या घरातलं मानूस याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवनार नाय, पानी पिनार नाय." तो नारळ अजून तिथेच आहे, धुरानं काळा पडलाय. दोघा भावांनी मिळून उचलल्याशिवाय आण सुटत नाही. आणि दोघे भाऊ वाट बघतायत, आधी दुसरा येईल.

यांना मी सांगितलेलं नाही. अशक्तपणा आहे म्हटलंय. का, ते ऐक. यांनी आण पाळली आणि मी मेले, तर हा माणूस जन्मभर स्वतःला खाईल. आण मोडली आणि मी टेबलावर गेले, तर म्हणेल देवीनं नेली, माझ्यामुळे नेली. दोन्हीकडून मला यांचंच तोंड दिसतं. बाहेर पडायला जागाच नाही. दाजींना विचारून बघ, नारळ उचलायला येतात का.

नीला

टेपवाडी
३ जानेवारी २०२५

ताई,

आता लपवायला काही उरलं नाही.

अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उतरवताना पडले. पोरं रडायला लागली, एकानं पळत जाऊन यांना आणलं. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या चौघांनी मला डोलीत घालून खाली नेलं. चादर बांबूला बांधलेली, आत मी गाठोड्यासारखी. हातपाय धड असलेली बाई पुरुषांच्या खांद्यावरून जाते, मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. महाडला डॉक्टरांनी यांच्यासमोर सगळं सांगितलं. येताना चढणीला पुढचा खांदा यांनीच दिला.

मंगळवारी हे कौल लावायला गेले. कुशाबा गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना तांदळाचे दाणे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं, "आये, हिला भावाच्या घरी धाडायची की नाय? धाडायची असंल तर उजवा दे." डावा दाणा पडला. पुन्हा लावला, पुन्हा डावाच. मी खाली पायरीपाशी बसले होते, तिथूनही मला यांची पाठ वाकलेली दिसली.

घरी आल्यावर मी भांडले. डॉक्टरांनी सांगितलंय चिडायचं नाही, पण मी चिडले.

"तुमी इचारलंत काय?"

"किशोरच्या घरी धाडू काय म्हून."

"मी जगीन काय, असं कोनी इचारलं?"

हे ओट्यावर बसले. म्हणाले, "तसं इचारायला छाती झाली नाय गो. डावा पडला असता तं?"

मी आत जाऊन चुलीपुढं बसले. चांगला माणूस आहे गं, तेच तर वाईट. वाईट असता तर मी कधीच पायताण घालून निघाले असते.

तेव्हापासून घरात मला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत. हे पाणी भरतात, दळण आणतात, भाकऱ्या थापतात. सासूबाई या वयात चुलीपाशी फुंकणी घेऊन बसतात. मी खाटेवर. दोघांनी मिळून माझं ओझं उचललंय आणि घर कसं शिस्तीत चाललंय. वाडीतले लोक म्हणतात, नीलाचं नशीब चांगलं. मला ओरडावंसं वाटतं. हे असंच सांभाळत राहतील आणि एक दिवस मी यांच्या डोळ्यांदेखत संपेन.

दुसरे रस्तेही बघून झाले. लालबागला वाडीची गावकीची खोली आहे, तिथं पुरुषच आळीपाळीनं झोपतात, आजारी बाईला कुठं ठेवणार? हे म्हणाले, दवाखान्याच्या दारात राहू. डॉक्टर म्हणाले, ताजी जखम घेऊन फुटपाथवर राहतात का?

तुझी दुसरी चिठ्ठी आली. दाजी म्हणतात, "धाकट्यानं बोलावलं तर येईन." मी यांना विचारलं. हे म्हणतात, "थोरल्यानं बोल लावला, थोरल्यानं आधी यावं." झालं. दोघंही आपल्या जागी खरे, आणि मधे मी.

काल कोणी नसताना मी वाडीच्या कडेपर्यंत चालत गेले. तिथून खाली महामार्ग दिसतो. मुंबईकडे जाणाऱ्या एसट्या बघत उभी राहिले. उतरायला अर्धा तास. पण पाण्याचा घोट न घेता तुझ्या उंबऱ्याबाहेर किती दिवस बसू शकेन मी? परत आले.

नीला

टेपवाडी
२० जानेवारी २०२५

ताई,

आज मोठं लिहिणार आहे. चहा ठेवून बस.

परवा सासूबाई आणि मी अंगणात उन्हाला वालाच्या शेंगा सोलत होतो. एवढंच काम मला मिळतं. त्या शेंगांकडे बघतच बोलायला लागल्या. तुला माहीत आहे, सासूबाई बोलायला लागल्या की माणसाकडे बघत नाहीत.

"नीले, आन कुनी घातली?"

"तुमच्या ल्योकानं."

"कुनाच्या घरची?"

"दाजींच्या."

"तुज्या भैनीच्या, मानसीच्या घरची नाय ना?"

मला वाटलं म्हातारीला चळ लागला. म्हटलं, "येकच घर ना ते?"

"येकच कसा? तुला मागायला मी नात्याला आले, तवा तुजी आयस नाय बोलत व्हती. येका घरात दोन पोरी कशा द्यायच्या, भांडान झाला तर दोनी तुटतील, असा तिचा बोलना. तवा मी काय बोलले ठाव हाय? बोलले, इहीनबाई, तुमी काय जल्माला पुरनार नाय. तुमच्या मागं या दोगी येकमेकीचा म्हायेर व्हतील. त्यावर तुजी आयस रडली आनि सुपारी घेतली."

ताई, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तुला माहीत होतं का? माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"तुजी आयस गेली, बापूस गेला," सासूबाई म्हणाल्या. "आता तुजा म्हायेर कंचा? थोरल्या भैनीचा. आजारी पोर म्हायेराला जाते, त्याला देवीचा कौल कवापासनं लागाय लागला?"

मी विचारलं, "आनि तुमी? तुमाला दाजींना बघायचं नाय?"

त्यांनी सूप ओढून घेतलं. म्हणाल्या, "माजा म्हायेर कवाच बुजला. थोरल्याकडं जायाची माजी वाट त्याच उंबऱ्यावरनं जाते. तू जा." आणि त्या वाल पाखडायला लागल्या. तीन वर्षं त्यांनी थोरल्या लेकाचं नाव काढलं नव्हतं, आणि मी समजत होते, म्हातारी विसरली. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्यांना ते खपत नाही, म्हणून शेजारी बसून राहिले.

तर आता ऐक. मी दिराच्या घरी येत नाही. मी माहेरी येते. आणि माहेरी बाई आपण होऊन जात नाही, तिला न्यायला मुराळी यावा लागतो. आपल्याला भाऊ नाही. बाई मुराळी झाल्याचं मी कुठं ऐकलं नाही, पण तू हो. आण आमच्या पायांवर आहे, तुझ्या नाही, तू खुशाल वाडीत ये. उजळ माथ्यानं, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर आमच्या दारात ये आणि सासूबाईंना विचार, "बहिणीला नेऊ का?" त्या काय म्हणतील ते तुला कळलंच आहे. खाली न्यायला डोलीवाले मी सांगून ठेवते. या वेळी लाजणार नाही.

राहिले हे. आज सकाळी सांगितलं. हे चुलीपुढं भाकरी थापत होते, पिठानं कोपरापर्यंत माखलेले. सासूबाईंचं बोलणं, आईची सुपारी, मुराळी, सगळं सांगितलं. मला वाटलं, भडकतील. नाहीतर म्हणतील, कुशाबाला विचारतो. मी मनात ठरवलं होतं, तसं म्हणाले तरी जायचं.

यांनी भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. विचारलं, "कवा येनार मानसी?"

"मी कळवीन तवा."

"आनि मंग तुला परत आनायला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ताई. यांच्या आलं.

मी म्हटलं, "बायकोला म्हायेरासनं कोन आनतो?"

"नवरा."

"मंग."

"भायेर उभा ऱ्हावून हाक मारली तर?"

"नाय. जावयाला आत यावा लागतो. पानी घ्यावा लागतो. तशी नाय मी यायची."

भाकरी करपली. वास सुटला तरी यांनी उलटली नाही. मी उलटायला उठले तर हातानंच मला बस म्हणाले. मग करपलेली भाकरी काढून स्वतःच्या ताटात टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू नीट व्हय. दवाखान्यातनं नीट बायेर ये. मी येतो आनायला. नारळाचा काय ते त्याच्याआधी मी न् किशोर बघू."

तीन वर्षांत यांच्या तोंडून दाजींचं नाव शिवीशिवाय आलं ते आज. त्यानंतर हे शेतावर गेले आणि मी हे लिहायला बसले.

काल कोणी मला मरतेस का म्हणून विचारलं असतं, तर खरं सांगते, मी हो म्हटलं असतं, इतकी मी विटले होते. आज मला फार भीती वाटते. ऑपरेशनची, टेबलाची, त्या दिव्यांची. मी तिथेच राहिले, तर यांना तुझ्या दारात यायला कारणच उरणार नाही. आणि त्या म्हातारीचा थोरला लेक तिला परत दिसणार नाही.

आता मला मरून चालणार नाही, ताई. पत्र मिळेल त्या रविवारी ये.

तुझी
नीला